मूळ फाइल सुरक्षित राहतात

बिस्किटबद्दल ग्रॅहमने आजवर लिहिलेली सगळी माहिती एका ओळीत मावत होती. ‘शेअर्स स्टफ, मोस्टली,’ एवढीच ती ओळ. तिचं सोमवार सकाळपर्यंत चांगलं जाडजूड मॅन्युअल करून द्यायचं काम सुनीती लिमयेवर येऊन पडलं होतं, आणि आज शुक्रवारची दुपार टळत आली होती.

बिस्किट हे खरं तर ग्रॅहमच्या कुत्र्याचं नाव. दुसरं काही सुचेना म्हणून त्याने ते आपल्या सॉफ्टवेअरलाही देऊन टाकलं होतं. वेलिंग्टनमधल्या त्या छोट्याशा कंपनीत सगळेच जण खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, प्रत्यक्षात नसलेला कॉम्प्युटर चालवत बसायचे. बाहेरच्या खऱ्याला म्हणायचं होस्ट, म्हणजे यजमान. आतल्याला म्हणायचं गेस्ट, म्हणजे पाहुणा. पाहुण्याला यजमानाच्या घरातलं काही दिसत नाही, तो आपल्या खोलीचं दार लावून बसलेला असतो. बिस्किट यजमानाचा एखादा फोल्डर त्या पाहुण्याला उघडून द्यायचं. ते कसं द्यायचं, कुठलं बटण कधी दाबायचं आणि दाबल्यावर काय होतं, हे गिऱ्हाइकांना कळेल अशा भाषेत लिहायचं, एवढंच सुनीतीचं काम.

पुण्यात तिने कितीतरी मॅन्युअलं लिहिली होती. तिथले इंजिनीअर एक प्रश्न विचारला की तासभर बोलायचे, आणि त्यातली पाऊण तासाची बडबड गाळली की मॅन्युअल तयार व्हायचं. ग्रॅहमचं सगळंच उलटं. बाराही महिने अर्ध्या चड्डीत आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरणारा हा उंच माणूस शब्द रेशनवर मिळत असल्यासारखे वापरायचा.

सुनीतीने त्याला ऑफिसच्या किचनमध्ये चहाच्या किटलीपाशी गाठलं.

“ग्रॅहम, एक शेवटचा प्रश्न.”

“शुअर.”

“समजा, पाहुण्याने एखादी फाइल पुसली. तरी यजमानाकडची मूळ फाइल सुरक्षित राहते. बरोबर?”

ग्रॅहमने किटलीचं बटण दाबलं, खिडकीतून खाली समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाला, “येऽ, ना.”

न्यूझीलंडला आल्यापासून दीड वर्ष सुनीती हे ‘येऽ ना’ ऐकत होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी आपल्याला अगत्याने घरात बोलावतंय असं वाटून ती एक पाऊल पुढेही गेली होती. नंतर तिने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावून टाकला. ‘येऽ’ म्हणजे हो, आणि ‘ना’ म्हणजे काळजीचं कारण नाही. तिने ग्रॅहमचे आभार मानले, जागेवर येऊन बसली आणि मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत वाक्य टाकलं: ‘मूळ फाइल सुरक्षित राहतात.’ दिवसभरात तिला मिळालेलं हे पहिलं पूर्ण उत्तर होतं.

आता राहिले होते स्क्रीनशॉट. ऑफिसच्या मशीनवर ‘टेस्ट वन’, ‘टेस्ट टू’ असल्या फाइल होत्या, आणि कंपनीच्या मालकाला त्या बघवत नव्हत्या. “गिऱ्हाइकाला खऱ्या घरातला, खऱ्या माणसांचा फोल्डर दिसू दे,” असं त्याचं म्हणणं. म्हणून बिस्किट घरच्या कॉम्प्युटरवर चढवायचं आणि शनिवारी घरीच बसून चित्रं काढायची, असं सुनीतीने ठरवलं.

शनिवारी सकाळी तिचा नवरा शंतनू कामावर निघाला होता. तो वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट होता आणि या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादकही. पहिलं काम त्याला आवडायचं. दुसरं त्याच्या गळ्यात पडलं होतं. गेले दोन महिने तो रोज संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे डोकं धरून बसायचा, आणि साहित्याची इतकी तळमळ असलेला नवरा आपल्याला मिळाला म्हणून सुनीतीला त्याचं कौतुक वाटायचं.

“आज कॉम्प्युटर मला लागेल हं,” सुनीती म्हणाली.

“घे की. फक्त माझ्या दिवाळीला हात लावू नकोस. सोमवारी छापायला द्यायचंय.”

“तुझ्या दिवाळीला कोण हात लावतंय!”

हात लावायचा तिचा खरोखरच विचार नव्हता. पण जॉन्सनव्हिलच्या त्यांच्या घरातल्या कॉम्प्युटरवर दाखवण्याजोगा दुसरा फोल्डर निघेना. एकात व्हिसाची कागदपत्रं, दुसऱ्यात टॅक्सची, तिसऱ्यात तिच्या नणंदेच्या लग्नाचे फोटो. ‘दिवाळी’ मात्र दृष्ट लागावी असा होता. ‘मोरेश्वरकाका फायनल’, ‘मोरेश्वरकाका फायनल खरंच’, ‘नीता रेसिपी’, ‘चारुदत्त गझल सुधारित’, अशा एकाखाली एक ओळीने लागलेल्या फाइल. खऱ्या घरातला, खऱ्या माणसांचा फोल्डर. आणि हात कुठे लावायचा होता? नुसता दाखवायचा होता.

तिने आपल्याच मॅन्युअलप्रमाणे एकेक पायरी केली. बिस्किट भुंकलं नाही की अडलं नाही; ‘दिवाळी’ पाहुण्याच्या खिडकीत जसाच्या तसा दिसू लागला. सुनीती खूश झाली. तिने पटापट चित्रं काढली. फोल्डर उघडताना, फाइल वाचताना, फाइलचं नाव बदलताना. मग प्रकरण आलं ‘फाइल पुसणे’. इथे दोन चित्रं शेजारी शेजारी छान दिसली असती: एकात भरलेला फोल्डर, दुसऱ्यात रिकामा. तिने पाहुण्याच्या खिडकीतल्या सगळ्या फाइल निवडल्या, पुसल्या, आणि रिकाम्या फोल्डरचं स्वच्छ, देखणं चित्र घेतलं. त्याखाली वाक्य होतंच: ‘मूळ फाइल सुरक्षित राहतात.’

आता त्या सुरक्षित राहिलेल्या फाइलचंही एक चित्र असावं, म्हणून तिने यजमानाची खिडकी उघडली.

यजमानाच्या घरात काहीही नव्हतं.

तिने खिडकी बंद करून पुन्हा उघडली. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मग रिसायकल बिन उघडला. त्यात विजेचं एक जुनं बिल तेवढं होतं. मग तिला आठवलं की शंतनू हा औषधांच्या बाबतीत दहादा तपासून बघणारा माणूस आहे, त्याने बॅकअप घेतलाच असणार. बॅकअप त्याने घेतला होता. ‘बॅकअप’ नावाचा एक वेगळा फोल्डर करून, तो जपून ‘दिवाळी’च्या आत ठेवला होता.

तिने ग्रॅहमला फोन लावला. मागे गवत कापायच्या मशीनचा घरघराट चालला होता.

“ग्रॅहम, फाइल सुरक्षित राहतात असं तू काल म्हणालास!”

“ना,” ग्रॅहम म्हणाला.

“म्हणालास! मी विचारलं, सुरक्षित राहतात, बरोबर? तर तू म्हणालास, येऽ, ना.”

“येऽ,” ग्रॅहमने कबूल केलं. “ना.”

“अरे, पण हो की नाही?”

घरघराट थांबला. प्रकरण गंभीर आहे हे ग्रॅहमच्या लक्षात आलं असावं, कारण तो त्याच्या मानाने भाषणच म्हणता येईल इतकं बोलला. पहिला शब्द म्हणजे तुझं ऐकलं, एवढंच. उत्तर दुसऱ्या शब्दात असतं. पाहुण्याला जो फोल्डर दिसतो ती यजमानाच्या फोल्डरची नक्कल नाही, तो तोच फोल्डर आहे. तिथे पुसलं की इथे पुसलं.

“आणि तू कधीकधी ‘ना, येऽ’ म्हणतोस, ते?”

“ते म्हणजे हो.”

सुनीतीने इथे आल्यावर लिहिलेली आधीची दोन मॅन्युअलं तिच्या डोळ्यांपुढून सरकून गेली. पण त्यांची काळजी करायची ही वेळ नव्हती.

“गेलेल्या फाइल परत आणता येतील?”

“ना,” ग्रॅहम म्हणाला. या वेळी त्याने एकच शब्द वापरला.

शंतनूकडे सगळे लेख कागदावर नाहीतर पेनड्राइव्हवर आले होते, आणि उतरवून झाले की तो ज्याचं त्याला इमानाने परत करायचा. म्हणजे लेखक तेवढे शिल्लक होते. संध्याकाळी शंतनू घरी येईपर्यंत त्यांच्याकडून सगळं परत मागवून, जागच्या जागी लावून ठेवलं, तर त्याला काही सांगायची गरजच पडणार नव्हती. कारण काय सांगायचं तेही तिला सुचलं. मराठी फाँट बिघडला म्हटलं की कुणीही केव्हाही विश्वास ठेवतं.

पहिला फोन मोरेश्वरकाकांना. वीज मंडळातून निवृत्त होऊन ते लोअर हटला मुलाकडे राहायला आले होते, आणि साउथ आयलंडच्या चार दिवसांच्या सहलीवर त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं होतं.

“काका, नमस्कार. सुनीती बोलतेय, शंतनूची बायको. तुमचा लेख जरा पुन्हा हवा होता.”

“का? कॉम्प्युटर बिघडला की काय?”

“छे छे! कॉम्प्युटर अगदी ठणठणीत आहे. फाँट तेवढा रुसलाय. तुमची जोडाक्षरं फुटली.”

“कुठल्या परिच्छेदात?”

“सगळ्याच.”

 काकांच्या आवाजात एकदम वेगळाच उत्साह आला. “सूनबाई, एक सांगू? बरंच झालं. शंतनूने आटोपतं लिहा म्हटलं, म्हणून मी थेट क्राइस्टचर्चच्या विमानतळापासून सुरुवात केली होती. पण त्याआधीची तयारी, बॅगा भरणं, सुनेशी झालेली चर्चा, हे सगळं माझ्याकडे लिहून तयार आहे. तेच देतो. पूर्ण पाठ.”

“नको काका, होता तोच द्या...”

“फाँटचा भरवसा नाही म्हणतेस ना? मग मी स्वतः घेऊन येतो. अडलं तर वाचून दाखवता येईल.”

दुसरा फोन नीताला. ती नर्स होती, आणि तिने श्रीखंड भरलेल्या पावलोवा केकची कृती दिली होती.

“अगं, देते की पुन्हा. हीप्स ऑफ टाइम आहे आज, वेळच वेळ. पण फक्त माझाच फाँट कसा गं बिघडला?”

“तुझाच नाही, सगळ्यांचाच. श्रियाच्या कृतीची तर पार वाट लागलीय,” सुनीती तिला बरं वाटावं म्हणून म्हणाली.



“श्रियाची पण कृती आहे?”

आपण काय बोलून बसलो हे सुनीतीच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

“शंतनू मला म्हणाला होता, या वर्षी रेसिपी फक्त तुझी,” नीताचा आवाज ऑपरेशन थिएटरमधल्यासारखा थंड झाला. “ठीक आहे. तिची किती आहेत? एकच? मी पाच पाठवते. फोटोंसकट.”

चारुदत्त हा पुलांचं डिझाइन करणारा इंजिनीअर आणि स्वभावाने कवी. त्याच्याकडे गझलेची प्रतच नव्हती.

“वहिनी, गझल एकदा दिली की मी मागे वळून बघत नाही.”

“पण एखादा कच्चा कागद तरी?”

“फाडतो मी.” मग तो हळूच म्हणाला, “खरं सांगा. डिलीट झाली ना?”

“नाही हो! शपथ. कॉम्प्युटर ठणठणीत आहे.”

“म्हणजे फाँटलाच सोसली नाही,” चारुदत्तने एक दीर्घ उसासा टाकला. “हरकत नाही. हरवलेल्या गझलेवर नवीन सुचतंय. संध्याकाळपर्यंत पाठवतो.”

सुनीती उरलेल्यांना एकेक करून फोन लावत गेली. पण दुपारनंतर एक विचित्र गोष्ट घडू लागली. तिने फोन लावायच्या आधीच तिला फोन येऊ लागले. नीताने श्रियाला जाब विचारला होता, श्रियाने आणखी दोघींना, आणि मोरेश्वरकाकांनी तर सगळ्या ज्येष्ठ नागरिकांना आनंदाची बातमी द्यावी तशी कळवली होती. अंक पुन्हा उघडलाय. आटोपतं लिहायची अट काढून टाकलीय. ज्यांनी या वर्षी काहीच दिलं नव्हतं, त्यांनाही अचानक सुचायला लागलं. एका गृहस्थांनी विचारलं, की न्यूझीलंडमधल्या गवताच्या जातींवर क्रमशः लिहिलं तर चालेल का? ‘दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतो,’ असं सुनीतीने सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मग सगळे भाग एकदम देतो.’

तिची मेलबॉक्स भरली. तिने आतल्या फाइल काढून ‘दिवाळी’त टाकल्या, तोवर ती पुन्हा भरली. श्रियाने नीताची चौकशी करून सात कृती पाठवल्या. चारुदत्तकडून आधी हरवलेल्या गझलेवरची गझल आली, मग ती वाचून त्यालाच आलेल्या हुंदक्यावरची, आणि मग तो मोकळाच सुटला.

दार वाजलं. मोरेश्वरकाकांना त्यांचा मुलगा सोडून गेला होता. काकांनी पेनड्राइव्ह दिला, वर छापील प्रतही आणली होती. सुनीतीने चहा टाकला. ती चहा घेऊन बाहेर येईपर्यंत काकांनी चष्मा लावला होता.

“पेनड्राइव्हमध्ये शब्द असतात सूनबाई, स्वर नसतो,” ते म्हणाले आणि वाचू लागले.

बाहेर दक्षिणेचा वारा खिडक्या हलवत होता. फोन वाजत होता. मेल येत होते. काका अजून बॅग भरत होते. लोकरीचे मोजे घ्यावेत की न घ्यावेत यावर दोन्ही बाजू मांडत होते. मॅन्युअलला तर सकाळपासून हातही लागला नव्हता. सुनीतीच्या मनात ग्रॅहम, त्याचा कुत्रा, त्याचं गवत, आणि इंग्रजी भाषा इथे जहाजातून उतरताना तिचं जे काय झालं असेल ते, या सगळ्यांबद्दल असे काही विचार येत होते की तोंडावर हसू ठेवताना गाल दुखायला लागले.

शंतनू घरात शिरला तेव्हा काका नुकतेच क्राइस्टचर्चच्या विमानतळावर पोचले होते.

“ये शंतनू! बरोब्बर वेळेवर आलास. इथून पुढचं तुला माहीतच आहे, पण आता विस्ताराने ऐक.”

शंतनूने सुनीतीकडे पाहिलं. सुनीतीने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. काकांचा मुलगा त्यांना न्यायला आला तोवर चांगला अंधार पडला होता, आणि काका चार दिवसांपैकी दुसऱ्या दिवसाच्या न्याहारीपर्यंतच आले होते.

दार लागल्यावर सुनीतीने जे घडलं ते एका दमात सांगून टाकलं. बिस्किट, पाहुणा, येऽ ना, रिकामं घर, घराच्या आतला बॅकअप. शंतनू बुटांची नाडी सोडता सोडता थांबला.

“म्हणजे सगळं गेलं?”

“हो.”

“सगळंच? मोरेश्वरकाकांचंसुद्धा?”

“हो रे. मला माफ कर.”

शंतनूच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरू लागलं. तिला आधी वाटलं की त्याला रडू येतंय. मग तिच्या लक्षात आलं, की असा चेहरा त्याचा व्हिसा हातात पडला तेव्हा झाला होता.

“सुनीती,” तो तिचा हात धरून म्हणाला, “तुला कल्पना नाही तू काय केलंयस. प्रिंटरने चौसष्ट पानांच्या वर एक पान घेणार नाही म्हणून सांगितलंय, आणि माझ्याकडे त्याच्या दुप्पट मजकूर. दोन महिने डोकं धरून बसलोय. कुणाचं गाळू? ज्याचं गाळीन तो मला दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी भेटणार. आज येताना गाडीत शेवटी मी ठरवलं, की सरळ खोटं बोलायचं. सगळ्यांना फोन करायचा आणि सांगायचं, कॉम्प्युटर क्रॅश झाला, सगळं गेलं, या वर्षी नुसती शुभेच्छांची चार पानं काढू. आणि आता खोटंसुद्धा बोलायला नको!”

सुनीतीने हळूच कॉम्प्युटरकडे पाहिलं.

“काय झालं?”

“गेलं होतं,” सुनीती म्हणाली. “पण मी परत मिळवलं. सगळं.”

शंतनूने तिचा हात सोडला.

“दिवसभर फोन करून,” ती खाली बघत म्हणाली. “आधी होतं त्याहून बरंच जास्त आलंय. नीता आणि श्रियाच्या मिळून बारा कृती आहेत. आणि एक गवतावरचंही आहे.”

शंतनू उठून कॉम्प्युटरपुढे गेला. तो खाली खाली सरकवत राहिला. यादी संपेना.

“तरीपण सांगता येईल,” तो चाचरत म्हणाला. “आत्ता, रात्री क्रॅश झाला म्हणून...”

“नाही सांगता येणार. प्रत्येकाने मला तेच विचारलं, कॉम्प्युटर बिघडला का? आणि मी प्रत्येकाला सांगितलंय, की कॉम्प्युटर एकदम ठणठणीत आहे. चारुदत्तला तर शपथ घेऊन.”

 मग शंतनूने टेबलावर पडलेले तिच्या मॅन्युअलचे कागद उचलले, ‘फाइल पुसणे’ हे प्रकरण काढलं आणि खुर्ची दिव्याखाली ओढून घेतली. तो अगदी मन लावून वाचत होता, मध्येच एखादी ओळ बोटाने पुन्हा वाचत होता. सुनीतीच्या सगळ्या नोकरीत तिचं मॅन्युअल इतक्या आस्थेने वाचताना तिने पाहिलेला हा पहिलाच माणूस.

“ठळक अक्षरातलं ते वाक्य खोटं आहे,” ती म्हणाली. “ते उद्या दुरुस्त करायचंय.”

“असू दे,” शंतनू मान वर न करता म्हणाला. “बाकीच्या पायऱ्या बरोबर आहेत ना?”

सुनीतीने त्याच्या हातातून कागद काढून घेतले, आणि कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

त्या वर्षी वेलिंग्टनच्या मंडळाचा दिवाळी अंक दोन खंडांत निघाला. पूर्वार्ध दिवाळीला आणि उत्तरार्ध होळीला. आणि उत्तरार्धातही काका परतीच्या विमानात बसले नाहीत.